ग्रेस या गुरुत्व मोजणाऱ्या उपग्रह-जोडीच्या आकड्यांमधून भूजल वेगळं काढलं तर घसरण पाण्याच्या एकूण साठ्याच्या घसरणीच्या दुपटीहून जास्त येते. चूक कुठे शोधायची?

खोरे_अभ्यासक

खोऱ्याचं क्षेत्र साधारण १,२०,००० चौ. किमी आहे. वरच्या भागात बर्फाचे डोंगर आणि थोड्या हिमनद्या, खाली सुमारे ७०,००० चौ. किमीचं सिंचनाखालचं गाळाचं मैदान. खोऱ्याच्या सीमेबाहेर ४० किमीवर एक मोठा जलाशय आहे.

आतापर्यंत केलेलं काम असं: ग्रेसच्या नोंदींचं जेपीएलचं (नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेचं) आरएल०६ मास्कॉन ग्रिड घेतलं (मास्कॉन म्हणजे ज्याच्यासाठी वस्तुमानातला बदल एकत्र काढतात तो पृष्ठभागाचा मोठा तुकडा), किनारपट्टी सुधारणा केलेली आवृत्ती, ०.५ अंशाची. खोऱ्याचा मास्क लावून अक्षांशाच्या कोसाइनने भारित सरासरी काढली. नासाच्या जीएलडीएएस २.१ या जमिनीवरच्या पाण्याच्या मॉडेलसंचातल्या नोआ मॉडेलमधून मातीच्या चारही थरांचा ओलावा (० ते २०० सेंमी), बर्फाचं जलसममूल्य (तो वितळला तर होणारं पाणी) आणि पानांवरचं पाणी घेऊन बेरीज केली. तिची २००४ ते २००९ ची सरासरी वजा करून विचलन काढलं आणि ते ग्रेसमधून वजा केलं. एकक तपासलं आहे: ग्रेस सेंमीमध्ये, जीएलडीएएस किलो प्रति चौ. मी. म्हणजे मिमीमध्ये, त्यामुळे १० ने भागलं. रेखांशही जुळवले आहेत, एकात ० ते ३६० आणि दुसऱ्यात −१८० ते १८० होते.

एकूण साठ्याचा कल येतो वर्षाला −०.६ सेंमी. वजाबाकीनंतर भूजलाचा कल −१.४ सेंमी! मैदानातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षाला सरासरी १५ सेंमी उतरते आहे आणि तिथली स्पेसिफिक यील्ड (पातळी उतरल्यावर थरातून निघणाऱ्या पाण्याचा अंश) ०.०४ ते ०.०६ धरतात. त्या हिशेबाने −१.४ फारच जास्त वाटतं.

आणखी तीन शंका आहेत. फाइलसोबत मिळणारे स्केल फॅक्टर (मास्कॉनचा आकडा पिक्सेलवर वाटणारे गुणक) लावायचे का? (वरचे आकडे न लावता काढलेले आहेत.) ग्रेसच्या नोंदींतली २०१७-१८ ची फट कशी भरायची? आणि शेवटच्या आकड्याला ± काय लिहायचं?

---

गुरुत्व_मोजणी

वजाबाकीचं गणित उलटं मांडून बघा. एकूण −०.६ आणि भूजल −१.४, म्हणजे तुम्ही वजा केलेली बेरीज वर्षाला +०.८ सेंमीने वाढते आहे. आता ओलावा, बर्फ आणि पानांवरचं पाणी या तिघांचे कल वेगवेगळे काढा. पानांवरचं पाणी नगण्यच असतं. ओलाव्याच्या कलात पावसाच्या नोंदींमधला बदल दिसू शकतो. पण डोंगराळ खोरं आहे म्हटल्यावर माझा पहिला संशय बर्फावर जातो.

नोआमध्ये हिमनदी ही गोष्टच नाही. खऱ्या डोंगरावर साचलेला बर्फ दाबून घट्ट होतो, उतारावरून खाली सरकतो आणि उबदार उंचीवर येऊन वितळतो. मॉडेलमधला बर्फ मात्र पडला त्याच पिक्सेलमध्ये राहतो. तिथे उन्हाळ्यातही पुरेसं वितळलं नाही तर तो दरवर्षी थोडा थोडा चढत जातो आणि दहा-पंधरा वर्षांत मीटरच्या मीटर पाणी कागदावर उभं राहतं. ते तुम्ही ग्रेसमधून वजा करता आणि ग्रेसला न दिसलेली ती वाढ भूजलाच्या खात्यात घसरण म्हणून पडते.

तपासायला पाच मिनिटं लागतात. प्रत्येक पिक्सेलसाठी दर वर्षाच्या सगळ्यात कमी बर्फाचा आकडा काढा (उत्तर गोलार्धात तो बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो) आणि तो वर्षानुवर्षे कसा बदलतो ते पाहा. चांगल्या पिक्सेलमध्ये तो शून्यावर किंवा शून्याजवळ परत येतो. पायऱ्या चढत जाणारे पिक्सेल सापडले तर त्यांचा बर्फ बेरजेतून काढा. निदान त्यांचा दीर्घकालीन कल काढून फक्त हंगामी चढउतार ठेवा.

इथे एक गोष्ट पक्की धरून चालायची. उपग्रहांची जोडी दोघांमधलं साधारण २२० किमीचं अंतर मायक्रोमीटरच्या पातळीवर मोजते आणि त्यातून खालच्या वस्तुमानातला बदल कळतो. ते वस्तुमान बर्फाचं आहे, मातीतलं आहे की शंभर मीटर खालच्या जलधरातलं (भूजल धरणाऱ्या थरातलं), हे त्या मापनातून कळत नाही. त्यामुळे भूजल हे मोजमाप नाही, ती वजाबाकीतली बाकी आहे. वजा केलेल्या प्रत्येक घटकाची चूक उलट्या चिन्हाने तिथेच जमा होते.

म्हणून एकट्या नोआवर राहू नका. व्हीआयसी आणि सीएलएसएम ही जीएलडीएएसमधली दुसरी मॉडेलंही घ्या आणि तिघांमधला फरक अनिश्चिततेत धरा. मात्र सीएलएसएम घेताना संपूर्ण प्रोफाइलचा ओलावा वजा करू नका, कारण त्यात उथळ भूजल मिसळलेलं असतं आणि जे शोधायचं तेच वजा होतं. मुळांच्या थराचा ओलावा घ्या. जीएलडीएएस २.२ तर या कामासाठी अजिबात नको. त्यात ग्रेसची निरीक्षणं आधीच मिसळलेली आहेत, म्हणजे ग्रेसमधून ग्रेसच वजा करण्यासारखं होईल.

---

जलाशय_नोंदवही

धरणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खोऱ्याबाहेर ४० किमी हे अंतर ग्रेससाठी खोऱ्याच्या आत असल्यासारखंच आहे.

जेपीएलच्या मास्कॉनची संख्या जगभरात ४,५५१ आहे. पृथ्वीचं क्षेत्र ५१ कोटी चौ. किमी, म्हणजे एक मास्कॉन साधारण १,१२,००० चौ. किमीचा. तुमचं अख्खं खोरं जेमतेम एका मास्कॉनएवढं आहे! फाइल ०.५ अंशाची दिसते म्हणून बारीक माहिती मिळाली असं वाटतं, पण विषुववृत्ताजवळ एका मास्कॉनमध्ये असे सुमारे ३६ पिक्सेल बसतात आणि स्केल फॅक्टर लावले नाहीत तर सगळ्यांत एकच आकडा असतो. फाइलमध्ये मास्कॉन क्रमांकाचं व्हेरिएबल आहे, ते नकाशावर रंगवून त्यावर खोऱ्याची सीमा टाका. ती किती मास्कॉन कापते आणि जलाशय कोणत्या मास्कॉनमध्ये पडतो ते लगेच दिसेल.

आता जलाशयाचा हिशेब. समजा पातळी १२ मीटर वर-खाली होते आणि पाण्याचं क्षेत्र ३८० वरून ६२० चौ. किमी होतं. साठ्यातला बदल काढताना दोन्ही क्षेत्रांची बेरीज करायची, त्यात त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ मिळवायचं, तिनाने भागायचं आणि पातळीच्या फरकाने गुणायचं. वर्गमूळ येतं ४८५, बेरीज १,४८५, भागाकार ४९५ चौ. किमी. गुणिले ०.०१२ किमी म्हणजे ५.९ घन किमी. हे पाणी एका मास्कॉनवर पसरलं तर ५.३ सेंमी होतात. तुमच्या खोऱ्याचा काही भाग त्याच मास्कॉनमध्ये असेल तर त्या भागाला हे ५.३ सेंमी फुकट मिळतात, तिथे पाण्याचा एक थेंब वाढलेला नसतानाही.

दुरुस्ती अशी करा:

पातळी धरणाच्या नोंदीतून घ्या. त्या मिळत नसतील तर उपग्रह अल्टिमेट्रीच्या हायड्रोवेब किंवा दाहिती या संग्रहांत पाहा. क्षेत्र लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांमधून काढा, सेंटिनेल-२ च्या प्रतिमा २०१५ पासूनच्याच आहेत. दर महिन्याचा साठा घन किमीमध्ये तयार झाला की तो जलाशयाच्या पिक्सेलमध्ये ठेवा, बाकी सगळीकडे शून्य. मग मास्कॉन क्रमांकानुसार क्षेत्रभारित सरासरी घ्या, म्हणजे जलाशय ग्रेसला जसा दिसला असता तसा नकाशा मिळेल. त्यातूनही २००४ ते २००९ ची सरासरी वजा करा आणि तो नकाशा ग्रेसमधून वजा करा. खोऱ्याची सरासरी त्यानंतर. क्रम महत्त्वाचा आहे. खोऱ्याची सरासरी आधी काढून मग खोऱ्याच्या आतल्या जलाशयांचं पाणी वजा केलं, तर सीमेबाहेरचा हा जलाशय सुटतो. शिवाय आतल्या जलाशयांचं जे पाणी शेजारच्या मास्कॉनमध्ये गळलं, ते तुम्ही जास्तीचं वजा करता.

कुणी मास्कॉनऐवजी गोलीय हार्मोनिक गुणांक (गुरुत्वक्षेत्र लहान-मोठ्या लहरींच्या बेरजेत मांडणारे) वापरत असेल तर तत्त्व तेच. जलाशयाचा नकाशा हार्मोनिकमध्ये मांडायचा, ग्रेसप्रमाणेच ६० किंवा ९६ अंशावर तोडायचा, तोच डिस्ट्राइपिंग (खोटे पट्टे काढणारा) आणि तोच गाउसियन (नकाशा गुळगुळीत करणारा) फिल्टर लावायचा, मग वजा करायचा. ओलावा आणि बर्फालाही हेच लागू. एक बाजू फिल्टर केलेली आणि दुसरी कच्ची ठेवली तर वजाबाकीला अर्थ राहत नाही.

---

अवशेष_आणि_कल

उरलेल्या तीन शंकांबद्दल.

स्केल फॅक्टर: कल काढायला लावू नका. ते सीएलएम या भूपृष्ठ मॉडेलवरून काढलेले आहेत. मॉडेलमध्ये मास्कॉनच्या आत हंगामी पाणी जसं वाटलेलं असतं तसं ते वाटून देतात. उपसा कुठे होतो हे त्या मॉडेलला माहीत नाही, त्यामुळे उपशाने येणारी घसरण त्या गुणकांनी फुगवण्याला आधार नाही. हंगामी चढउताराचा आवाका हवा असेल तर लावून आणि न लावून दोन्ही आकडे काढा आणि फरक नोंदवा. पडताळणीसाठी टेक्सास विद्यापीठाच्या सीएसआर केंद्राचं मास्कॉन ग्रिडही चालवा, त्याला स्केल फॅक्टर लागत नाहीत. ते ०.२५ अंशाचं असलं तरी खरी स्पष्टता तिथेही काही शे किमीचीच असते. जेपीएल, सीएसआर आणि नासाचं गोडार्ड केंद्र या तिन्हींचे कल एकमेकांपासून किती दूर पडतात, त्यावरून पुष्कळ कळतं.

मास्कॉन फाइलमध्ये ग्रेसला नीट मोजता न येणाऱ्या सी२० आणि सी३० या गुरुत्व-गुणांकांच्या जागी दुसरे घालणं, एक-अंशी गुणांक (पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राचं सरकणं) आणि हिमयुगानंतरच्या भूउत्थानाची दुरुस्ती आधीच झालेली असते. ती पुन्हा करू नका. कच्चे लेव्हल-२ गुणांक घेणाऱ्याला मात्र हे सगळं स्वतः करावं लागतं: टीएन-१३ या तांत्रिक टिपणातून एक-अंशी, टीएन-१४ मधून सी२०, आणि ज्या काळात एकाच उपग्रहाचा अ‍ॅक्सेलेरोमीटर नीट चालत होता त्या काळासाठी सी३० सुद्धा.

फट: ग्रेसचा शेवटचा महिना जून २०१७, त्याच्या जागी आलेल्या ग्रेस-एफओचा पहिला जून २०१८. मधले अकरा महिने गायब, शिवाय ऑगस्ट-सप्टेंबर २०१८ नाहीत. २०११ पासून बॅटरी वाचवण्यासाठी उपकरणं अधूनमधून बंद ठेवत, त्या मोकळ्या जागा वेगळ्याच. कल काढायला यातलं काहीही भरायची गरज नाही. लघुतम वर्ग पद्धत असमान अंतराच्या नोंदींवर तशीच चालते. समीकरणात स्थिरांक, कल, वार्षिक साइन-कोसाइन आणि अर्धवार्षिक साइन-कोसाइन ठेवा. १६१ दिवसांच्या आवर्तनाची जोडीही घाला, कारण सौर अर्धदैनिक भरतीच्या मॉडेलमधली चूक ग्रेसमध्ये त्याच आवर्तनाने उमटते. फट रेघ ओढून भरू नका. त्या फटीत एक आख्खा ओला हंगाम गेला असेल तर रेघेने तो पुसून टाकला जातो आणि पुढचं सगळं विश्लेषण त्या रेघेला खरं मानून चालतं. मॉडेलसाठी अखंड मालिका लागतच असेल तर पाऊस-तापमानावरून पुनर्रचना करा किंवा सिंग्युलर स्पेक्ट्रम पद्धत (मालिकेच्या स्वतःच्या चढउतारांवरून भरणारी) वापरा, आणि भरलेले महिने वेगळ्या खुणेने ठेवा.

तारखांकडे लक्ष द्या. प्रत्येक नोंद कॅलेंडरच्या महिन्याएवढीच असते असं नाही, आणि दोन नोंदींचे मध्यबिंदू एकाच महिन्यात पडू शकतात. फाइलमधलं सुरुवात-शेवटच्या तारखांचं व्हेरिएबल वाचा आणि जीएलडीएएसची सरासरी त्याच दिवसांवर काढा. मासिक फाइल चालणार नाही, तीन तासांची घ्या. पावसाळा सुरू होताना तारखा पंधरा दिवस सरकल्याने ओलाव्यात काही सेंमींचा खोटा फरक येऊ शकतो.

आता ±. मास्कॉन फाइलमधली अनिश्चितता पिक्सेलनुसार छापलेली असते, पण चुका मास्कॉननुसार येतात. ३६ पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र धरून वर्गमुळाने भागलं तर चूक सहापट लहान दिसते. स्वतंत्र नमुने मोजायचे ते मास्कॉन, आणि तुमच्याकडे ते एक-दोन किंवा फार तर तीन आहेत. कलाच्या चुकीतही असंच होतं. समजा २२० महिने आहेत आणि अवशेषांचा (समीकरण वजा केल्यावर उरलेल्या आकड्यांचा) एका महिन्याच्या अंतराने सहसंबंध ०.७ आहे. परिणामकारक संख्या म्हणजे २२० गुणिले ०.३ भागिले १.७, साधारण ३९. सॉफ्टवेअरने दिलेली प्रमाण चूक जवळजवळ २.४ पट करावी लागते. त्यात मॉडेलांमधला फरक, मास्कॉन केंद्रांमधला फरक आणि जलाशय दुरुस्तीची चूक वर्गबेरजेने मिळवा.

अंदाजासाठी एक जुना आकडा सांगतो. रॉडेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यासाठी ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ ची भूजल घसरण वर्षाला ४.० ± १.० सेंमी, म्हणजे १७.७ ± ४.५ घन किमी दिली होती. ते क्षेत्र तुमच्या खोऱ्याच्या साडेतीन पटींहून मोठं आहे आणि घसरणही कितीतरी ठळक आहे, तरी ± १.० सेंमी. तुमची मालिका लांब आहे हे खरं, पण तुमच्या आकड्याला ± ०.१ आलं तर हिशेब पुन्हा तपासा.

---

खोरे_अभ्यासक

सगळ्यांचे आभार. घटक वेगळे काढले. मातीचा ओलावा +०.३ सेंमी, बर्फ +०.५ सेंमी. बर्फाचा जवळजवळ सगळा कल फक्त चार पिक्सेलमधून येतो आहे. ०.२५ अंशाचे आहेत, मिळून साधारण २,५०० चौ. किमी, आणि तिथे बर्फ वर्षाला सुमारे २४० मिमी चढत जातो. गुणाकार ०.६ घन किमी, म्हणजे खोऱ्यावर बरोबर ०.५ सेंमी. ते चार पिक्सेल काढले की भूजल −०.९ वर येतं. जलाशयाच्या दुरुस्तीने कल जवळपास हलला नाही, पण हंगामी आवाका बराच कमी झाला.

१५ सेंमी गुणिले ०.०५ केलं तर विहिरींवरून ०.७५ येतं. म्हणजे −०.९ शी जुळलं असं म्हणता येईल का?

---

गुरुत्व_मोजणी

अजून नाही, दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली गोष्ट, ०.७५ सेंमी हे मैदानावरचं आहे आणि −०.९ हे अख्ख्या खोऱ्यावरचं. मैदान ७०,००० चौ. किमी, खोरं १,२०,०००. डोंगराळ भागात भूजल बदलत नाही असं धरलं तरी विहिरींचा आकडा खोऱ्यावर ०.४४ सेंमी होतो. स्पेसिफिक यील्ड ०.०४ ते ०.०६ धरली तर ०.३५ ते ०.५३. तुलना घन किमीमध्ये करा, म्हणजे हा घोटाळा होतच नाही: विहिरींवरून वर्षाला ०.४ ते ०.६ घन किमी, ग्रेसवरून १.१ घन किमी.

दुसरी गोष्ट हिमनद्या. मॉडेलचा खोटा बर्फ तुम्ही काढलात, पण खरा बर्फ वितळून जातो आहे तो ग्रेसला दिसतो आणि तुमच्या बेरजेत कुठेच नाही. समजा हिमनद्यांचं क्षेत्र ८०० चौ. किमी आहे आणि त्या वर्षाला ०.३ मीटर जलसममूल्याने पातळ होतात. ते ०.२४ घन किमी झालं, खोऱ्यावर ०.२ सेंमी. भूजल −०.७ वर येईल. तुमच्या भागातलं खरं क्षेत्र रँडॉल्फ हिमनदी सूचीतून घ्या आणि पातळ होण्याचा वेग उंचीच्या नकाशांच्या फरकावरून. वर शेजारच्या मास्कॉनमध्ये मोठ्या हिमनद्या असतील तर त्यांनाही जलाशयासारखीच मास्कॉनवर पसरवण्याची दुरुस्ती लागेल.

त्यानंतरही −०.७ आणि −०.४४ यांत फरक राहील. तो अनिश्चिततेच्या आत बसू शकतो, पण तेवढ्यावर थांबू नका. निरीक्षण विहिरी कोणत्या थरात आहेत ते बघा. त्या उथळ मुक्त जलधरात असतील आणि सिंचनाचा उपसा खोल नलिकाकूपांतून होत असेल, तर खालची घट त्यांना उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. ग्रेसला ती दिसते. उलट, बंदिस्त जलधरातल्या विहिरी यादीत मिसळल्या असतील तर त्या वेगळ्या करा. तिथे पातळी म्हणजे दाब. १५ सेंमीच्या बदलाला तिथे स्टोरेटिव्हिटीने (दाब उतरल्यावर निघणाऱ्या पाण्याच्या अंशाने) गुणायचं, जी ०.००१ किंवा त्याहून कमी असते. ०.०५ ने गुणलं तर आकडा पन्नास पट आणि त्याहूनही जास्त फुगतो.

---

जलाशय_नोंदवही

+०.३ चा ओलाव्याचा कलही मोकळा सोडू नका. नोआला सिंचन माहीत नाही, त्यामुळे ती वाढ फक्त पावसाच्या नोंदींमधून आली आहे. त्याच काळातला पाऊस पर्जन्यमापकांवरून काढून बघा. तिथे वाढ दिसत नसेल तर व्हीआयसी आणि सीएलएसएमलाही तोच पाऊस दिलेला असल्यामुळे तिन्ही मॉडेलं एकाच दिशेने चुकतील, आणि त्यांच्यातल्या फरकावरून काढलेली अनिश्चितता ही चूक दाखवणार नाही.

पुढे पाऊस, बाष्पोत्सर्जन आणि विसर्ग यांचा ताळेबंद घालणार असाल तर साठ्यातला बदल मध्यवर्ती फरकाने काढा: पुढच्या महिन्यातून मागचा महिना वजा करून दोनाने भागा. मग पाऊसही त्याच वजनाने घ्या, मागचा महिना एक चतुर्थांश, चालू अर्धा, पुढचा एक चतुर्थांश. मासिक साठ्याची चूक १.५ सेंमी असेल तर या फरकाची चूक महिन्याला साधारण १.१ सेंमी राहते. कोरड्या महिन्यांत बाष्पोत्सर्जनच त्याहून कमी असू शकतं, म्हणून ताळेबंद तीन-तीन महिन्यांवर घाला.